‘अस्खलित’ हा शब्द काढ

चि. मृण्मयीस,
अनेक आशीर्वाद.

अभिनयाच्या कामांसाठी बनवलेला तुझा प्रोफाइल वाचला. ‘मराठी, गुजराती, हिंदी, इंग्रजी अस्खलित’ ही ओळ आधी काढून टाक. त्याऐवजी प्रत्येक भाषेचा एकेक मिनिटाचा वेगळा व्हिडिओ पाठव. चारही भाषा एकात कोंबल्यास की आधीच्या भाषेचा हेल पुढचीत उतरतो आणि ऐकणाऱ्याला वाटतं, हिला एकही धड येत नाही.

बडोद्यात वाढल्यामुळे तुझा कान तयार आहे, जीभ अजून व्हायची आहे. ‘ज्ञान’ घे. मराठीत द्न्यान, हिंदीत ग्यान, गुजरातीत ग्नान. शांतपणे तिन्ही जमतात. प्रसंग तापला की घरचा उच्चार बाहेर पडतो. हिंदीत तुझ्या ‘पैसा’चा पइसा होतो, ‘और’चा अउर. तिथे हे स्वर तोंड जरा जास्त उघडून, एकसंध काढायचे. मराठीत घोटाळा ‘ज’चा: ‘जग’ म्हणजे दुनिया आणि ‘जग’ म्हणजे जिवंत राहा, दोन्ही तू एकाच ‘ज’ने म्हणतेस. शिवाय ‘आत्मा’ मराठीत तो, हिंदीत ती.

उतारा आधी भावना न घालता सपाट वाच. जिथे अडशील त्या शब्दाखाली पेन्सिलीने रेघ मार, तेवढेच शब्द वीस-वीस वेळा म्हण. मग तोच उतारा जिना चढत, धापा टाकत म्हण. उच्चार सुटतो तो तिथेच.

हातांकडेही बघ. गुजराती साडीचा पदर उजव्या खांद्यावरून पुढे येतो, आपला डाव्या खांद्यावरून मागे जातो. सावरायला हात चुकीच्या बाजूला गेला की बोली कितीही चोख असो, बाई खोटी वाटते.

शिवाजीराव गायकवाड बंगळूरचे, घरी मराठी, शाळा कन्नड. मद्रासला अभिनय शिकताना दिग्दर्शक के. बालचंदर यांनी तमिळ शिकायला सांगितलं, ते शिकले आणि १९७५ साली रजनीकांत म्हणून तमिळ पडद्यावर आले. घरच्या आणि शाळेच्या भाषेवर त्यांनी भागवलं नाही, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

‘गुजराती शेजारीण’ अशी भूमिका आली तर जरूर घे, पण विचार: सुरतची, काठियावाडची की बडोद्याची? ‘कशीही चालेल’ म्हणाले तर तूच एक गाव ठरव आणि शेवटच्या दृश्यापर्यंत ते सोडू नकोस.

गुजरातीचा व्हिडिओ आधी कर. खिडकीकडे तोंड करून बस, पंखा बंद ठेव, आणि झाला की मला पाठव.

तुझी,
आई