अण्णांना विचारून कळव

नौपाडा, ठाणे
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय बाळ्या,

आठ महिने तुला पत्र नाही. दिवाळीत तुझा फोन आला, तोही मी दोन मिनिटांत ठेवला. रागावला असशील तर रास्त आहे. आईचा गुडघा तसाच, माझी शुगर गोळ्यांवर काबूत. बाकी ठीक.

परवा एक मेल आली आणि तेव्हापासून झोप नाही. हिला सांगितलं, भागीदाराला सांगितलं. दोघंही म्हणाले, "चांगलीच बातमी आहे की!" तू तसं म्हणणार नाहीस.

गेल्या ऑक्टोबरात जॉर्जियाला गेलो होतो, रशियाशेजारच्या. काखेती या तिथल्या द्राक्षांच्या भागात एका मोठ्या वायनरीचा माल आयातीसाठी बघायचा होता. माल बरा होता, एवढंच. परतताना ड्रायव्हर म्हणाला, माझ्या मावशीकडे जेवून जाऊ. तिथे द्राक्षतोडणी चाललेली, रत्वेली म्हणतात तिला. घरचे, शेजारचे, सगळे बागेत. घरामागे मातीचे मोठाले रांजण गळ्यापर्यंत जमिनीत पुरलेले. क्वेव्री. तुमच्या जुन्या वाड्यातलं ज्वारीचं पेव आठव, तसंच झाकण सरकवून वाकून बघायचं. आतून मधमाशांच्या मेणाचा हात दिलेला. रस, साली, बिया सगळं त्यात आंबतं आणि थंडावा माती सांभाळते. 2013 साली युनेस्कोने ही पद्धत वारशाच्या यादीत घेतली. घरचा म्हातारा मात्र एवढंच म्हणाला की आजोबा असं करायचे.

त्याने वाडग्यात मागच्या वर्षीची लाल वाइन ओतली. द्राक्षाचं नाव सापेरावी. बाळ्या, मणी फोडला तर आतला गरही लाल! तुमच्या शिराझचा, कॅबर्नेचा गर पांढरा, रंग काय तो सालीत. इथे नावाचा अर्थच रंग. आणि चव? येऊरला करवंदं खाऊन आपले ओठ काळे व्हायचे, तुझी मामी दारातच अडवायची, तशी. आमसुलासारखा स्वच्छ आंबटपणा, मागून साल चावल्यासारखा तुरटपणा, तो जिभेवरून जाता जात नाही. वीस वर्षं या धंद्यात आहे. भाव विचारायचं विसरलो असं पहिल्यांदा झालं. (तू मला बाटलीवाला म्हणायचास ना, त्या दिवशी तू तिथे हवा होतास.)

600 बाटल्या घेतल्या. पोती बंदरातून थंड (रीफर) कंटेनरने न्हावा शेवाला आल्या, फूड सेफ्टीचं सॅम्पल पास झालं, माल कस्टमच्या बॉण्ड गोदामात गेला. आता खरं सांगतो. शंभराच्या मालावर दीडशे कस्टम, वर एक्साइज, वर गोदामाचं भाडं. एवढ्या पैशात गिऱ्हाईक ओळखीचं फ्रेंच नाव उचलतं. एका हॉटेलने तळाला गाळ आहे म्हणून पेटी परत पाठवली. ती गाळून घेतलेली नसते, गाळ असणारच, हे समजावून मी थकलो. पाच महिन्यांत 210 बाटल्या गेल्या.

आणि त्या म्हाताऱ्याच्या मुलाची मेल काय? "बाबांना तुमचा शब्द पुरे आहे. दरवर्षी 2000 बाटल्या घेणार असाल तर आणखी तीन क्वेव्री पुरतो, वरची दोन एकर लावतो. बँक कर्ज द्यायला तयार आहे."

ओळख पटली? 2007, तुमची पडवी, अण्णांचा चहा आणि मी. खायची थॉमसन काढा, वाइनची द्राक्षं लावा, कंपनी करार करतेय, मी आहे ना तिथे. मग मंदी आली, कंपनीने माल उचलणं थांबवलं आणि 2010 ला अण्णांनी उभी बाग तोडली. तलावपाळीवर तू म्हणालास, "सही अण्णांची होती, पण शब्द तुझा होता." मी तेव्हा बाजाराचं कारण देत भांडलो, वर्षभर बोललो नाही. तू बरोबर होतास. हे आधीच लिहायला हवं होतं.

त्या म्हाताऱ्यानेही एकदा भोगलंय. 2006 साली रशियाने जॉर्जियाची वाइन बंद केली, सगळ्यात मोठं गिऱ्हाईक रातोरात गेलं. त्या वर्षीचं सांगताना तो मांडीवरचा हात नुसता उलटा करून दाखवत होता. अण्णाही असंच करतात. तरी त्याने माझ्यावर विश्वास ठेवावा?

दोन उत्तरं लिहून ठेवलीत. एकात होकार, कारण ती वाइन लोकांनी प्यायलाच हवी असं मला मनापासून वाटतं. दुसऱ्यात 210 चा आकडा आहे, आणि कर्ज काढू नका, हवं तर पुढच्या वर्षीच्या 300 बाटल्यांचे पैसे आगाऊ पाठवतो, असं आहे. दुसरं वाचून मुलगा खट्टू होईल. कदाचित दुसरा कुणी आयातदार शोधेल, तो होकार देईल, आणि मग?

अण्णांना एवढंच विचार: 2007 ला मी सगळं खरं सांगितलं असतं, मलाही खात्री नाही असं म्हणालो असतो, तर त्यांनी ऐकलं असतं का? की मीच सांगतोय म्हणून तरीही लावली असती?

तुझ्या छाटणीचं काय झालं? धाकटीची बारावी ना यंदा? वहिनींना नमस्कार. बोअरला पाणी टिकलं असेल अशी आशा.

तिकडे म्हाताऱ्याच्या मुलाला क्वेव्रीसाठी कुंभाराला इसार द्यायचाय, माझ्या उत्तरासाठी तो महिनाअखेरीपर्यंत थांबलाय. शनिवारी मीच निफाडला येतो, दोन बाटल्या घेऊन. आल्यावर रात्रभर उभ्या ठेवू, गाळ बसू दे. अण्णांना रविवारी जेवताना देऊ, त्यांना चालणार असेल तर.

तुझाच,
बाटलीवाला