किलोच्या भावानं गेलेली मिलिंग मशीन

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या महिन्यात आमच्या भागातल्या एका आयटीआयमधून दोन मिलिंग मशीन (टेबलावर पकडलेला धातू फिरत्या कटरनं तासणाऱ्या) किलोच्या भावानं भंगारात गेल्या. आता सीएनसीचा, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या मशीनचा जमाना म्हणे. टेम्पोत चढवताना मी एकीचं हँडल फिरवून बघितलं. टेबल कुठेही न अडकता सरकलं. जीव चुटपुटला, म्हणून हे पत्र.

मी हर्णै बंदरात ३५ वर्षं बोटींची इंजिनं दुरुस्त केली. घरी पडवीत एक छोटी मिलिंग मशीन आहे. दोन वर्षांपूर्वी भाच्याला हाताशी घेऊन ती कॉम्प्युटरवर चालती केली. तिन्ही हँडलं काढून पायरी-पायरीनं फिरणाऱ्या स्टेपर मोटारी बसवल्या. मोटारीचा एक फेरा २०० पायऱ्यांचा. पैसे वाचवायला टेबल सरकवणारे स्क्रू मात्र मूळचेच ठेवले. पंपाच्या झाकणाला गोल भोक पाडलं, तर चार ठिकाणी टप्पे! डायल (बारीक सरक मोजायचं घड्याळ) लावला तेव्हा कळलं, मोटार उलटी फिरली तरी टेबल ०.३ मिमीपर्यंत ढिम्म हलत नव्हतं. हातानं काम करताना आपण टेबल नेहमी एकाच बाजूनं आणतो, ढिलेपणा आपसूक सांभाळला जातो. कॉम्प्युटरला ते कोण सांगणार? सॉफ्टवेअरमध्ये भरपाईचा आकडा घातला. पण कटरनं टेबल स्वतःकडे खेचलं की मुसळ केरात. शेवटी बॉल स्क्रू, म्हणजे नटात छर्रे असलेले, जवळजवळ ढिलेपणा नसलेले स्क्रू घ्यावेच लागले. ५ मिमी पिचचे (एका फेऱ्याला टेबल ५ मिमी सरकतं), म्हणजे एका पायरीला ०.०२५ मिमी.

मग आमची लाईट. या मोटारींचा कंट्रोलर फक्त पाठवलेल्या पायऱ्या मोजतो, टेबल पोचलं का ते बघत नाही. लाईट गेली की मोजदाद पुसली. एकदा लाईट आल्यावर मी तसंच सुरू केलं आणि कटर थेट काम पकडायच्या व्हाइसमध्ये घुसला. तो चरा अजून ठेवलाय. आता लिमिट स्विच आहेत; आधी होम (टेबल स्विचपर्यंत नेऊन तिथून नवी मोजदाद), मग काम. पावसाळ्यात वर खोका आणि आत ४० वॅटचा बल्ब. नाहीतर आमच्या खाऱ्या हवेत स्क्रू तांबूस व्हायला वेळ लागत नाही.

बंद कपाटासारख्या नव्या सीएनसीवर पोरांना यातलं काय दिसणार? ती बिघडली की कंपनीचा माणूस येईपर्यंत प्लास्टिक पांघरून ठेवायची. १९५२ साली अमेरिकेत एमआयटी या तंत्रशिक्षण संस्थेनं आकड्यांवर चालणारी पहिली मिलिंग मशीन दाखवली. तीसुद्धा सिनसिनाटी कंपनीची नेहमीची मिलिंग मशीनच होती, वर कंट्रोल चढवलेली. आकडे पट्टीवरच्या भोकांतून वाचायची, एवढंच.

पुढच्या लिलावाआधी निदान एक मशीन फिटर आणि इलेक्ट्रिशियन ट्रेडच्या पोरांच्या ताब्यात द्या, मिळून कॉम्प्युटरवर चालती करू देत. बोलावलंत तर शनिवारी येईन. डायल माझा मी आणीन.

आपला,
एक निवृत्त इंजिन मिस्त्री,
हर्णै (ता. दापोली)