गावाचा आकडा गावाला परत द्या : जनगणना आयुक्तांना खुले पत्र

माननीय महानिबंधक आणि जनगणना आयुक्त,
भारत सरकार, नवी दिल्ली

सादर नमस्कार.

मी बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यात ३३ वर्षं मराठी प्राथमिक शाळेत शिकवलं. १९९१ आणि २००१ या दोन्ही जनगणनांत प्रगणक म्हणून घरोघर फिरले. आपण आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख धरून पुन्हा देश मोजणार आहात, तब्बल १६ वर्षांनी. आधी घरयादी आणि फेब्रुवारी २०२७ मध्ये माणसांची मोजणी, तीही मोबाईलवर. १९३१ नंतर पहिल्यांदाच सगळ्या जाती मोजल्या जाणार असल्यामुळे इकडे गल्लोगल्ली चर्चा आहे ती जातीच्या रकान्याची. मराठा लिहायचं की कुणबी, यावर बैठका होतात. त्या विषयात मी जात नाही, त्यावर बोलणारे पुष्कळ आहेत. मला बोलायचं आहे ते मातृभाषेच्या रकान्याबद्दल, आणि गोळा केलेला आकडा पुढं कुणाच्या हाती लागतो त्याबद्दल.

१९९१ च्या फेब्रुवारीत माझ्या वाट्याला आलेल्या गटात जंगलातला एक गवळीवाडा होता. गावापासून दीड तास पायवाट. अकरा झोपड्या, मधे एक मोठा गोठा, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. एका झोपडीच्या दारात एक म्हातारी वाळलेल्या शेण्या रचत बसली होती. वय विचारलं तर म्हणाली, "मानमोडी आली तवा मी रांगत हुतो, असं आई म्हनायची." मानमोडी म्हणजे १९१८ ची इन्फ्लुएन्झाची साथ. जुन्या माणसांचं वय असंच काढावं लागे, कुणी साथीवरून सांगे, कुणी महापुरावरून. मी ७३ लिहिलं. मातृभाषा विचारली. ती म्हणाली, "आमची धनगरी की. तुमच्यासारखी न्हाई." मी धनगरी लिहिलं. आम्हाला प्रशिक्षणात तसंच शिकवलं होतं : सांगणारा जे नाव सांगेल तेच लिहायचं. ही भाषा की बोली, हा वाद प्रगणकानं दारात उभं राहून सोडवायचा नाही. पुढं बोलींची नावं मोठ्या भाषांखाली गटवली जातात, आणि देशभरात १० हजारांहून कमी माणसांनी सांगितलेली नावं 'इतर' मध्ये जातात. ते कार्यालयातलं काम. दारातलं काम ऐकून लिहिण्याचं.

निघताना म्हातारीनं मला थांबवलं. "बाई, माझं लिव्हलंस तसं वाडीचंबी नाव लिव्हलंस न्हवं?"

मी हो म्हणाले. पण तसं होणार नाही हे मला ठाऊक होतं. जनगणनेत गाव म्हणजे महसुली गाव. वाड्या, वस्त्या, गवळीवाडे हे सगळे त्या महसुली गावाच्या बेरजेत मिसळून जातात. पुढं छापील आकडे आले तेव्हा त्या गावाची लोकसंख्या त्यात होती, वाड्याचं नाव कुठंच नव्हतं. खानापूरच्या पश्चिमेला, कणकुंबी, जांबोटी, लोंढ्याच्या पट्ट्यात आणि भीमगडच्या जंगलात अशा वाड्या कितीतरी आहेत. पावसाळ्यात त्यांचा रस्ता बंद होतो, आजारी माणूस डोलीत घालून आणावा लागतो. रस्ता मागायला गेलं की पहिला प्रश्न येतो, तिथं राहतात तरी किती? ते सांगणारा सरकारी कागद वाडीकडे नसतो. तिची माणसं आपण मोजलेली असतात, बेरजेत घातलेली असतात, फक्त तिच्या नावावर ती कुठं लागत नाहीत.

दुसरी गोष्ट माझ्याच घरातली. २०११ ला मी निवृत्त होऊन घरी होते. दुपारी तीनच्या सुमारास प्रगणक आले. तरुण गुरुजी, दुसऱ्या तालुक्यातून बदली होऊन आलेले, उन्हानं लाल झालेले. अजून निम्मी गल्ली बाकी होती. मी चहा ठेवला आणि शेजारी जाऊन बसले. तक्ता माझ्या ओळखीचा होता, त्यामुळे नजर आपसूक तिकडे गेली. माझ्या नवऱ्याच्या नावापुढं मातृभाषेच्या रकान्यात त्यांनी न विचारताच 'कन्नड' लिहून टाकलं होतं. मी म्हटलं, "गुरुजी, हे तुम्ही अजून विचारलं नाहीत." ते म्हणाले, "इथं सगळ्यांना कन्नड येतंच की."

येतं. आम्हा सगळ्यांना येतं आणि त्याचा आनंदच आहे. बाजारात, बँकेत, बसमध्ये आम्ही कन्नड बोलतो. पण त्यासाठी पुढचा वेगळा रकाना आहे : येत असलेल्या इतर भाषांचा, त्यात दोन नावं लिहिता येतात. मातृभाषेची आपली व्याख्या अगदी स्वच्छ आहे. लहानपणी आई मुलाशी ज्या भाषेत बोलली ती. आई तान्हेपणीच गेली असेल तर त्या घरात मुख्यत्वे बोलली जात होती ती. राज्य कुठलं, शाळा कुठली, बाजाराची भाषा कुठली, याचा त्यात काही संबंध नाही.

गुरुजींच्या मनात खोट नव्हती. त्यांनी लगेच ते खोडलं आणि 'मराठी' लिहिलं. मग घाईत पुढच्या पाचही जणांना तेच लावत गेले. त्यात माझी सून होती. ती बैलहोंगलकडची. तिला कुणी विचारलंच नव्हतं, ती आत भाकऱ्या थापत होती. मी हाक मारली, ती पिठाच्या हातानंच दारात आली. "तुझी आई तुझ्याशी कशात बोलायची गं?" ती म्हणाली, "कन्नडमधी, आत्ती." गुरुजींनी पुन्हा खोडलं. एका घरात दहा मिनिटांत दोन चुका, एक मराठीला उणी करणारी आणि एक कन्नडला. ज्या घरात तक्ता ओळखणारं कुणी नसतं, तिथं कोण बोट ठेवणार?

म्हणून स्पष्ट सांगते, मला मराठीचा आकडा फुगवून नको आहे. माझ्या सुनेची कन्नड मराठीत मोजली गेली तर तीही खोटी शिरगणतीच. सीमाभागात आकड्यांवर एवढी हमरीतुमरी होते की लोकांचा आकड्यांवरचाच विश्वास उडाला आहे. तो परत मिळवायचा असेल तर नोंद खरी हवी आणि ती आम्हाला दिसायला हवी.

दिसत नाही, हीच अडचण आहे. गावनिहाय आपण काय देता? एकूण माणसं, स्त्री-पुरुष, सहा वर्षांपर्यंतची मुलं, अनुसूचित जाती-जमाती, साक्षर, काम करणारे. देशातल्या ६ लाख ४० हजार गावांसाठी एवढं मिळतं हेही मोठं काम आहे, त्याबद्दल मला आदर आहे. मातृभाषेचा आकडा मात्र तालुका आणि शहर इथवर येऊन थांबतो. गावाला तो मिळत नाही, शहरातल्या वॉर्डालाही नाही. वर तो यायला किती वेळ लागतो बघा. २०११ ला सांगितलेली भाषा आम्हाला २०१८ मध्ये कळली. तोवर त्या वर्षी जन्मलेली मुलं दुसरीत गेली होती.

आता हा आकडा गावाला कशाला हवा, ते सांगते. घटनेचं कलम ३५० अ मातृभाषेतून प्राथमिक शिक्षणाची सोय करायला सांगतं. भाषिक अल्पसंख्याकांसाठी ठरलेल्या संरक्षणांत असं आहे की ज्या भागात १५ टक्के किंवा जास्त लोकांची भाषा वेगळी आहे, तिथं महत्त्वाचे नियम आणि नोटिसा त्या भाषेतही निघाव्यात. या टक्क्याला एकच सरकारी आधार आहे, जनगणना. बेळगाव जिल्हा एकत्र धरला तर मराठी माणसं पाचांत एकाच्या आसपास भरतात. पण सौंदत्ती, रामदुर्गपासून खानापूर, निपाणीपर्यंतची सरासरी काढून येळ्ळूर, कडोली, उचगाव, बेळगुंदी, नंदगड, गर्लगुंजी या गावांचं काय कळणार? बेळगाव शहरातसुद्धा अनगोळ, शहापूर, वडगाव इथली एक गल्ली मराठी, पलीकडची कन्नड, तिसरीत उर्दू. ५८ वॉर्डांच्या महापालिकेला सबंध शहराचा एक आकडा देऊन कुठल्या वॉर्डात कुठली नोटीस कुठल्या भाषेत लावायची, हे ठरत नाही. मग ते ज्याच्या अंगात जोर जास्त त्याच्या मर्जीवर ठरतं. फलक लागतात, उतरतात, दगड पडतात. मी यात कुठल्याच बाजूची बाजू घेत नाही. आकडा चावडीवर लावलेला असता तर निम्मी भांडणं चावडीवरच मिटली असती, असं मला वाटतं.

गावाच्या आकड्याचं वजन आमच्या पिढीला कुणी वेगळं शिकवायला नको. १ नोव्हेंबर १९५६ च्या राज्यरचनेत चंदगड मुंबई राज्यात (आजच्या महाराष्ट्रात) राहिलं आणि आम्ही म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) आलो, तेव्हापासून प्रत्येक निवेदनात 'गाव हा घटक' हे शब्द आहेत. सीमावादासाठी नेमलेल्या महाजन आयोगानं १९६७ मध्ये २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं म्हैसूर राज्याला द्यायची शिफारस केली ती गावांच्या याद्या करूनच. महाराष्ट्र आज ८६५ गावांचा दावा सांगतो तोही गावं मोजून. दावा २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात आहे, तो न्यायालय बघेल. त्याचा निकाल आपल्याकडे मी मागत नाही. पण खटला चालू आहे म्हणून गावांनी आपली भाषा किती जण बोलतात हे जाणूनच घ्यायचं नाही, असं कुठं लिहिलेलं नाही.

भाषा सोडून नुसत्या डोक्यांचा विचार केला तरी तेच. आमच्या राज्यात ग्रामपंचायतीचे सदस्य ४०० लोकसंख्येमागे एक असे ठरतात. आशाताई साधारण हजार माणसांमागे एक. अन्नसुरक्षा कायद्यातलं धान्य अजून २०११ च्या माणसांवर वाटलं जातं. बेळगावच्या कडेच्या हिंडलगा, कंग्राळीकडे बघा. २०११ ला शहराच्या हद्दीत ४ लाख ८८ हजार माणसं होती, आणि आजूबाजूची वस्ती धरून ६ लाख १० हजार. म्हणजे सव्वा लाखाच्या घरात माणसं शहराला लागून, पण शहराच्या बाहेर. ५ हजारांची वस्ती, चौरस किलोमीटरला ४०० ची दाटी आणि चारांतले तीन पुरुष शेतीबाहेरच्या कामावर, की आपल्या वहीत गाव 'जनगणना शहर' होतं. कारभार मात्र ग्रामपंचायतीचाच राहतो आणि पाणी आठवड्याला येतं. पंधरा वर्षांत तिथं शेतं संपून लेआउट झाले. तिथल्या बाया अजून जुन्या आकड्याच्या टाकीतलं पाणी भरतात.

आणि आमची पोरं. खानापूरच्या पश्चिमेची तरणी माणसं गोव्याला हॉटेलात, पुण्याला कारखान्यात. मोजणीच्या सबंध काळात जो गावी येतच नाही तो जिथं असेल तिथं मोजला जातो, हा आपला नियम, आणि तो योग्यच आहे. पण आईबाप भोळेपणानं पोराचं नाव इथं सांगतात, खोलीवर चौघं राहणारी पोरं तिथं सांगतात किंवा दोन्हीकडे सुटतात. पेडणे, पिंपरीच्या खोल्यांवर जाणाऱ्या प्रगणकांना हे नीट समजावून सांगा. फेब्रुवारीत जत्राही असतात, पोरगा दोन दिवस येऊन जातो. तेवढ्यात तो दोनदा मोजला जायला नको.

आता मागणं. प्रत्येक माणसाची मातृभाषा त्याला किंवा निदान त्याच्या आईला, बायकोला विचारून भरावी. घरातल्या पहिल्याची खाली ओढू नये. फोनवर यादीतून निवडायचं असेल तर समोर आलेलं पहिलं नाव दाबलं जाण्याची भीती जास्त आहे. म्हणून भरून झाल्यावर प्रगणकानं घरच्यांना त्यांच्या भाषेत मोठ्यानं वाचून दाखवावं आणि मगच पुढं जावं. स्वगणनेचं, म्हणजे आपली माहिती आपणच भरायचं, पोर्टल मराठीतही आहे ही चांगली गोष्ट, पण आमच्या वाड्यांत ते उघडणार कोण? तिथं माणूसच जायला हवा, आणि त्याला मराठी समजायला हवं. वाडी-वस्तीची नावं गटाच्या यादीत लिहिली जातात, ती पुढं गाळू नयेत. आणि मातृभाषेचा तक्ता गाव आणि वॉर्डनिहाय, इतर आकड्यांबरोबरच, सात वर्षं न लावता द्यावा. घराघराची माहिती १९४८ च्या कायद्यानं गुप्त आहे आणि ती गुप्तच राहावी. चार घरांच्या गावात भाषा सांगितली तर माणूस ओळखू येईल, हे मलाही कळतं. अशी गावं शेजारच्या गावात मिळवून दाखवा. येळ्ळूरसारख्या मोठ्या गावाला ते कारण लागू पडत नाही.

छापील प्रत ग्रामपंचायतीच्या फलकावर लावायचा आदेश आपण काढलात तर खर्च एका कागदाचा आहे. बेरीज चुकली असेल तर गावातलाच कुणीतरी सांगेल, कारण कुणाच्या घरी किती माणसं हे गावाला तोंडपाठ असतं.

त्या गवळीवाड्यात आता अकरापैकी चार घरं उरली आहेत, असं मागच्या दिवाळीत तिथल्या एका नातवानं सांगितलं. म्हातारी कधीच गेली. फेब्रुवारीत तिकडे जो कोणी गुरुजी किंवा बाई जाईल त्यांना वाट दाखवायला मी कुणालातरी सोबत देईन, माझे गुडघे आता चढत नाहीत. माझ्या दारी आले तर चहा होईल. सुनेला आताच सांगून ठेवलं आहे, यावेळी मी मधे बोलणार नाही, तुझं तू सांग. नातू आता तेरा वर्षांचा आहे. त्याची आई त्याच्याशी कन्नड बोलते, आजी मराठी. व्याख्येप्रमाणे त्याची मातृभाषा कन्नड लिहिली जाईल, आणि तशीच लिहावी. पुढच्या रकान्यात त्याला मराठी लिहायला सांगितलं आहे. ती मी शिकवली आहे.

आपली,
खानापूर तालुक्यातली एक निवृत्त शिक्षिका