खाणीआधी रस्त्याचा नकाशा गावापुढे ठेवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रेअर अर्थ, म्हणजे दुर्मीळ मृदा खनिजांच्या बातम्या सध्या सारख्या वाचायला मिळतात. चीनने एप्रिल 2025 मध्ये सात मूलद्रव्यांच्या आणि त्यांपासून बनणाऱ्या चुंबकांच्या निर्यातीवर निर्बंध आणले, तेव्हापासून आपल्याकडे धावपळ सुरू झाली. नोव्हेंबरमध्ये केंद्राने चुंबकनिर्मितीसाठी 7,280 कोटींची योजना मंजूर केली. ही खनिजे देशाला हवीत, याबद्दल दुमत नाही. पण खाणीपर्यंत जाणाऱ्या रस्त्याचा विषय कुणीच काढत नाही. नवी मुंबईतल्या पारसिकच्या डोंगरालगत, खडीच्या डंपरांच्या वाटेवर राहणाऱ्या माझ्यासारख्याला तो काढल्याशिवाय राहवत नाही.

या खनिजांच्या शोधाचा इतिहास पाहिला तर बहुतेक ठिकाणी शोधायला गेले एक आणि सापडले दुसरेच. कॅलिफोर्नियातल्या माउंटन पासला 1949 मध्ये युरेनियम शोधणाऱ्यांना रेअर अर्थ सापडले. चीनच्या बायान ओबो इथे 1927 मध्ये आधी लोखंड मिळाले, रेअर अर्थची ओळख पुढच्या दशकात पटली. आपल्याकडे तर 1909 मध्ये शोंबर्ग या जर्मन रसायनशास्त्रज्ञाला त्रावणकोरहून आलेल्या काथ्याला चिकटलेल्या वाळूत मोनाझाइट हे रेअर अर्थचे खनिज दिसले. किनाऱ्यावरची ही वाळू काढायला डोंगर फोडावा लागत नाही, त्यामुळे आपला रेअर अर्थचा उद्योग इतकी वर्षे मुख्यतः केरळ, तमिळनाडू आणि ओडिशाच्या किनाऱ्यावरच राहिला.

आता नजर कठीण खडकाकडे वळली आहे. गुजरात आणि राजस्थानच्या अशा खडकांत मिळून 12.9 लाख टन रेअर अर्थ ऑक्साइड असल्याचे सरकारने संसदेत सांगितले आहे. त्यात छोटाउदेपूरच्या आंबाडुंगरचे नाव नेहमी निघते. हा कार्बोनेटाइट, म्हणजे शिलारसापासून बनलेला कार्बोनेटयुक्त खडक 1963 च्या सुमारास जगापुढे आणणाऱ्या दोघांपैकी प्रा. सुखेसवाला हे मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजचे, तर दुसरे, जी. आर. उदास, अणुऊर्जा खात्याचे. तिथे फ्लोरस्पार या फ्लोरिनच्या खनिजाची खाण आली, शुद्धीकरणाचा कारखाना जवळच कडीपाणीला उभा राहिला. म्हणजे डोंगर ओळखीचा होऊन साठ वर्षे झाली. एवढ्या काळात तिथल्या आदिवासी गावांना पुढे काय येणार आहे याचा कागद दाखवायला सवड नव्हती, असे कोण म्हणेल?

रस्ता खाणीनंतर येतो, हा समजच चुकीचा आहे. तो शोधाबरोबर येतो. टेहळणी, प्राथमिक, सर्वसाधारण, तपशीलवार असे शोधाचे चार टप्पे असतात. पहिल्यात भूगर्भशास्त्रज्ञ हातोडी घेऊन पायी फिरतो. पुढे बोअर मारायचे ठरले की रिग वर न्यावी लागते, पाण्याचा टँकर न्यावा लागतो, खडकाच्या गाभ्याच्या पेट्या खाली आणाव्या लागतात. त्यासाठी डोझरने उतारावर वाट कापतात. ती कुठून जावी हे त्या आठवड्याच्या सोयीने ठरते. आणि लीज मिळाली की तीच वाट रुंद होऊन डंपरचा रस्ता बनायला वेळ लागत नाही, मग तिच्या कडेला शाळा असो की विहीर.

दुसरा प्रश्न त्याहून मोठा: दगड कुठे दळणार? रेअर अर्थच्या खडकात कामाचा भाग थोडा, बाकी सगळा टाकाऊ. खाणीशेजारीच दळून कामाचा भाग वेगळा काढला आणि तेवढाच बाहेर नेला तर फेऱ्या कमी होतात, पण उरलेला गाळ आणि त्यातले किरणोत्सारी थोरियम गावाजवळ साठते. अख्खा दगड लांब न्यायचा तर रस्ता दिवसरात्र भरलेला. शिवाय खनिज विरघळवायला लागणाऱ्या आम्लाचे टँकर उलट दिशेने येणार ते वेगळेच. पर्याय कोणताही निवडा, किंमत गावच मोजणार.

ती कशी मोजतात ते आमच्या पारसिकच्या वाटेवर रोज दिसते. वळणावर सांडलेली खडी पहिल्या पावसात दुचाकीस्वाराला पाडते. ताडपत्री बांधलेला डंपर अपवादानेच दिसतो. दुकानदार सकाळ-संध्याकाळ दारात पाणी मारतात, तरी बरण्यांच्या झाकणांवर राखाडी थर असतोच. शहरात निदान तक्रार करायला नगरसेवक आहे, वर्तमानपत्र आहे.

म्हणून 8 सप्टेंबर 2025 चा केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाचा आदेश वाचून मी अस्वस्थ झालो. आण्विक, अतिमहत्त्वाच्या आणि सामरिक खनिजांच्या खाणींना त्याने पर्यावरण मंजुरीआधीच्या जनसुनावणीतून सूट दिली. सुनावणीत गावकरी सर्वात आधी विचारतात ते हेच, गाड्या कुठून जाणार? तो प्रश्न विचारायची हक्काची जागाच गेली.

ही सूट मागे घ्यावी. ते होईपर्यंत निदान बोअरसाठी वाट कापण्याआधी तिचा नकाशा मराठी, गुजराती, ज्या त्या भाषेत ग्रामसभेपुढे ठेवावा, आणि खनिज मिळाले नाही तर ती वाट बुजवून झाडे लावायची अट परवान्यातच घालावी. मालवाहतुकीचा रस्ता गावाबाहेरून, खाणवाल्याच्या खर्चाने व्हावा. जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा, म्हणजे खाणवाल्यांकडून जमणाऱ्या निधीचा पैसा बाधित गावांचा आहे, त्याला यासाठी हात लावू नये.

– एक वाचक, नवी मुंबई