बोअरच्या मोटारी दुरुस्त करणाऱ्या अण्णांना

अण्णा, नमस्कार.

तुम्ही मोबाइल फक्त फोन उचलायला वापरता, त्यामुळे हे पत्र तुमच्या मुलालाच वाचून दाखवावं लागणार. तरी जाहीर लिहितोय, कारण मालदीवच्या समुद्राखाली काढलेले माझे फोटो बघून जो तो ‘कॅमेरा कुठला?’ असं विचारतो, आणि तुमचं नाव मात्र कुणी काढत नाही.

कॅमेरा साधाच आहे, लग्नांत वापरतो तो. खरा प्रश्न त्याच्या पेटीचा होता. पाण्याखाली कॅमेरा ज्या ॲल्युमिनियमच्या पेटीत बंद करून नेतात ती हाउसिंग नवी घ्यायची तर कॅमेऱ्याहून महाग पडते, म्हणून मी वापरलेली घेतली. ती तपासून देणारं सोलापुरात कोण मिळणार? दुकानदार हात लावायला तयार नव्हते, आणि त्यांचं काही चुकलं असंही मी म्हणणार नाही. अशात शेतातली बोअरची मोटार तुमच्याकडे टाकायला आलो आणि सहज विषय काढला.

पेटी उलटीपालटी करत तुम्ही हसलात. “आम्ही मोटारीत पाणी भरूनच खाली सोडतो. तुमच्यात थेंबसुद्धा नको व्हय!”

मग मात्र तुमचं बोलणं बंद झालं. झाकणाभोवतीची काळी रबरी कडी, म्हणजे ओ-रिंग, तुम्ही स्क्रूड्रायव्हरने नाही, जुन्या एटीएम कार्डाच्या कोपऱ्याने उचललीत. बोटांत धरून फिरवलीत आणि एके ठिकाणी ती चपटी झालेली मला दाखवलीत. खाचेत पांढरी पूड होती, जुन्या मालकाच्या समुद्राचं वाळलेलं मीठ. ती पूड भिंगाखाली ओल्या ब्रशने काढायला तुम्ही अर्धी दुपार घालवलीत. बाहेर दोन शेतकरी मोटारीसाठी ताटकळत होते, त्यांनाही या ठिकाणी धन्यवाद द्यायला हवेत.

ग्रीस लावताना तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत लिहून ठेवलंय: पाणी ग्रीस अडवत नाही, रबर अडवतं, ग्रीस फक्त रबर सरकायला, तेही चमक येईल इतकंच. जास्त लावलं की धूळ धरतं. आणि सुती टॉवेल जवळसुद्धा आणायचा नाही, कारण एक तंतू रिंगेखाली अडकला तरी तेवढ्याच वाटेने पाणी आत येतं. टॉवेलवर जगणाऱ्या सोलापुरात ही ताकीद ऐकताना मला हसू आवरलं नव्हतं.

पुढची परीक्षा तुमच्या मेहुण्यांच्या विहिरीत. कॅमेरा न ठेवता, आत टिश्यू पेपर घालून, पेटीला दगड बांधून दोरीने खाली सोडायची. दर दहा मीटरला पाण्याचा दाब एका वातावरणाएवढा वाढतो, त्यामुळे विहिरीचा तळ ही काही लहान परीक्षा नव्हे. पेटी वर आली, तुम्ही झाकण उघडलंत, कागद गालाला लावून बघितलात आणि म्हणालात, “कोरडाय.”

त्यानंतर सिद्धेश्वर एक्सप्रेसने मुंबई आणि तिथून विमानाने माले. या सहलीला लिव्हअबोर्ड म्हणतात: बोटीवरच जेवायचं, तिथेच झोपायचं आणि दिवसातून तीन-चार बुड्या मारायच्या. आमच्या बोटीवर सगळेच फोटोवाले. डेकवर कॅमेऱ्यांसाठी वेगळं लांबलचक टेबल, पाणी उडवायला हवेची नळी, चार्जिंगच्या जागेवरून रोजची कुरबूर. एकाच्या पेटीत पाणी शिरलं, तेही समुद्रात नाही, कॅमेरे खळबळायच्या गोड्या पाण्याच्या टाकीत. सगळे चकित. मी नाही झालो, कारण तुम्ही आधीच बजावलं होतं की खोलवर दाबच रिंगेला घट्ट बसवतो, धोका उथळ पाण्यात जास्त.

पेटी एसी केबिनच्या कोरड्या हवेत बंद करायची आणि आत सिलिका जेलची पुडी टाकायची, हाही तुमचाच सल्ला. बाहेरच्या दमट हवेत बंद केली तर थंड पाण्यात काच आतून धुरकटते. तुम्ही समुद्र पाहिलेला नाही, अण्णा, पण हवेतलं पाणी कुठे जाऊन बसतं हे तुम्हाला पक्कं ठाऊक आहे.

आता तो फोटो, जो सगळ्यांना आवडलाय. मँटा रे, म्हणजे पंखांसारखे कल्ले असलेला मोठा चपटा मासा. ती एका खडकावर येऊन जागच्या जागी तरंगते आणि छोटे रास मासे तिच्या अंगावरचे परजीवी टिपून खातात. आम्ही तळाशी अंग चोरून बसलो होतो. पाणी लाल रंग सगळ्यात आधी गिळतं, पाच-सहा मीटरखालीच सगळं निळं-हिरवं दिसू लागतं, म्हणून दोन्ही बाजूंना फ्लॅश लागतात. तेही थोडे बाहेर वळवून, नाहीतर पाण्यातला कचरा उजळून फोटोभर बर्फ पडल्यासारखा दिसतो. पण मँटासाठी मी फ्लॅश बंदच ठेवले. ती डोक्यावरून गेली तेव्हा पांढऱ्या पोटावरचे काळे ठिपके स्पष्ट दिसले. ही नक्षी प्रत्येक मँटाची वेगळी असते, तिच्यावरूनच ती ओळखली जाते. मालदीवमध्ये मँटा ट्रस्ट ही संस्था असे पोटाचे फोटो जमा करून नोंद ठेवते. माझाही त्यांना पाठवलाय.

तुम्ही पैसे घेतले नाहीत. “मोटारीच्या बिलात आलं,” म्हणालात. मी ते बिल पुन्हा काढून पाहिलं, त्यात पेटीचा एक रुपयाही नाही. या रिंगा वर्षाकाठी बदलायच्या असतात, तेव्हा दिवाळीनंतर पेटी घेऊन येतोय. या वेळी वेगळं बिल करा. नाही केलंत तर शेंगा चटणीचा मोठा डबा वहिनींच्या हातात देईन आणि तुम्हाला विचारणारसुद्धा नाही.

तुमचा,
लग्नाचे फोटो काढणारा