शिया बटर विकताय तर डबीवर लेबल तरी लावा

संपादक साहेब, नमस्कार.

आई आमची 30 वर्षं विड्या वळतीये, तंबाखूनं बोटांची कातडी पार सुकलेली, थंडीत टाचांच्या भेगांतून रक्त यायचं. व्हॅसलिन, खोबरेल सगळं करून झालं, मग शिया बटर आणलं. पिवळसर, जरा धुरकट वासाचं, हरभऱ्याएवढं तळहातावर घेतलं की अंगाच्या उबेनंच विरघळतं. रात्री पाय धुवून, ओलसर असतानाच लावायचं, वर मोजे. पंधरा दिवसात भेगा भरत आल्या, खरंच सांगतो.

हे आफ्रिकेतल्या घाना देशाकडच्या झाडाच्या बियांचं तूप, तिकडच्या बायका बिया भाजून, कुटून, पाण्यात घुसळून काढतात, आपल्या मोहाच्याच कुळातलं झाड ते.

पण दुसऱ्या वेळी दुसऱ्या दुकानातून घेतलं तर पांढरंशुभ्र, गुलाबाचा वास आणि हातावर मेणासारखं चिकटून बसलं, डबीवर ना घटक ना तारीख, आणि पैसे मात्र तेवढेच!! रिफाइन केलेलं पांढरं असतं हे मला माहितीये, पण मग तसं लिहा ना. कष्टाचे पैसे आहेत हो, दिवसाला हजार विड्या वळाव्या लागतात. सुट्या डब्या विकणाऱ्यांची तपासणी व्हावी, आपल्या पेपरनं हा विषय लावून धरावा ही विनंती.

– एक वाचक, सोलापूर