उचल का फिटत नाही

कोल्हापूर

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, ऊसतोडीच्या टोळीबद्दल तुम्ही "ही माणसं दरवर्षी येतात, मर मर राबतात, मग गरीबच कशी राहतात?" असं विचारलंत. दारूला बोल लावण्याआधी उचलीचा, म्हणजे हंगामाआधी घेतलेल्या आगाऊ रकमेचा, हिशेब मांडून बघा.

बीडकडच्या कोरडवाहू गावात पावसाळ्यात हात रिकामे असतात, नेमका तेव्हा मुकादम, म्हणजे टोळी जमवणारा ठेकेदार, पैसे पुढे करतो. समजा एका कोयत्याने, म्हणजे नवरा-बायकोने मिळून, लाखाची उचल घेतली. जानेवारी 2024 च्या 34 टक्के वाढीनंतर तोडणीचा दर टनाला साधारण 366 रुपये झाला. दिवसाला दोन टन तोडले तर 732 रुपये. लाख फेडायला 273 टन, म्हणजे 137 दिवस लागतात, तेही एक खाडा न करता. हंगाम 110 दिवसांत आटोपला तर 80,520 रुपयेच फिटले. उरलेले साडेएकोणीस हजार पुढच्या उचलीत धरतात. आणि या दिवसांत खायचं काय? आठवड्याची खर्ची मुकादमच देतो, तीही त्याच वहीत चढते. आजारी पडलं की खाडा, वर त्याचा दंड. वाढे, म्हणजे उसाचे शेंडे, चाऱ्याला विकून येतील तेवढेच काय ते रोख.

वही मुकादमाची, वजनकाटा कारखान्याचा. तोडणाऱ्याकडे चिटोराही नाही.

मला मुलांची फार काळजी वाटते. दिवाळीला निघायचं, गुढीपाडव्याला परतायचं. दुसरं सत्र बुडालंच. वयात आलेली मुलगी कुणाच्या भरवशावर ठेवायची? शिवाय पुऱ्या कोयत्याची उचल जोडीलाच मिळते, म्हणून लग्नं लवकर उरकतात.

आपल्या उसाची एफआरपी, म्हणजे सरकारने ठरवलेला किमान भाव, 14 दिवसांत द्यायची, असं 1966 च्या ऊस नियंत्रण आदेशातच आहे. थकली की आपण रस्त्यावर उतरतो. तोडणीचा दर मात्र मजुरांच्या संघटना आणि कारखान्यांचा साखर संघ यांच्या वाटाघाटीत ठरतो. अंगावर उचल असलेला माणूस किती ताणणार?

यंदा टोळी आली की वजनाच्या पावतीचा फोटो मुकादमाबरोबर टोळीतल्या एखाद्या बाईलाही पाठवा. खुशाली, म्हणजे तोडणीसाठी शेतकरी देतो ते वरचे पैसे, द्यायचीच तर तोडणाऱ्यांच्या हातात द्या. त्यांचं रेशनकार्ड इथल्या दुकानातही चालतं, हे त्यांना सांगा. त्यांच्या कोप्यांजवळ, म्हणजे झोपड्यांजवळ, पाण्याचा नळ आणि बायकांसाठी संडासाचा आडोसा एवढं करून घ्या.

आई, दाखला नसला तरी मुलांना शाळेत घ्यावंच लागतं, 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने. हेडमास्तरांशी टोळी यायच्या आत बोलून ठेव.

तुमची,
माई